रंग काय, कुणीही भरतं

६ जानेवारी, सोमवार

आजपासून सगळं लिहून ठेवणार आहे. उद्या कुणी म्हणायला नको की भांडण मी उकरून काढलं.

ताई आणि मी मिळून इंटरनेटवर एक पान चालवतो. जपानी ॲनिमे-कार्टूनांच्या धाटणीच्या चित्रकथांची काळी-पांढरी चित्रं घ्यायची, कॉम्प्युटरवर त्यांत रंग भरायचे आणि त्यांची छोटी गोल आयकॉन करायची. लोक ती आपल्या नावाशेजारी लावतात. सुरुवातीला फक्त ताईच्या मैत्रिणी होत्या. आता आमची आयकॉन लावलेले अनोळखी लोक एकमेकांशी भांडताना दिसतात, इतकं पान वाढलंय.

आज गेम बनवणाऱ्या एका कंपनीचा मेल आला. त्यांना आयकॉन रंगवायला माणूस हवाय, पूर्ण वेळ, पगारी. पाच काळी-पांढरी चित्रं पाठवणार, महिनाअखेरपर्यंत रंगवून द्यायची, पसंत पडली तर नोकरी. मी दिवसभर फोटोच्या दुकानात लोकांच्या पासपोर्ट फोटोमागचा पडदा कापत बसतो. हा मेल म्हणजे माझ्यासाठी काय, ते माझं मला माहीत. लगेच उत्तर टाकलं आणि खाली माझं नाव लिहिलं.

संध्याकाळी ताई क्लिनिकमधून आली. ती दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. मेल वाचून म्हणाली, “माझं नाव कुठंय?”

“तुझं कशाला?”

“आयकॉन दोघांची आहेत ना?”

खरं बोललं की टोचतं, पण मी बोललोच. चित्र कापतो मी. छपाईचे ठिपके आणि डाग पुसतो मी. सावल्या टाकतो मी, केसांच्या एकेका बटेत तास जातो. ही शेवटी येते आणि रंग ओतते. म्हटलं, “रंग काय, कुणीही भरतं. तू आयत्या पिठावर रेघोट्या ओढतेस.”

ताईचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मग म्हणाली, “रंग कुणीही भरतं? सांगू का तुला आज? सांगूच का?”

तेवढ्यात आई ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि ताईला म्हणाली, “बस. पुढे एक शब्द नको. माझी शपथ आहे तुला.”

एरवी आई ताईच्या बाजूची. आज तिने ताईलाच गप्प केलं. चूक कोणाची होती ते यावरून कुणीही ओळखावं.

८ जानेवारी, बुधवार

ताई गेली. क्लिनिकजवळ तिच्या मैत्रिणीची खोली आहे, तिथे राहणार म्हणे. जाताना टेबलाच्या तिच्या बाजूचं सगळं नेलं, दिवासुद्धा. दिवा दोघांनी मिळून घेतला होता. असो, मी मागायला जाणार नाही.

तिची एक गोष्ट मात्र कॉम्प्युटरवर राहिली होती. तिने प्रोग्राममध्ये रंगांची एक पेटी करून ठेवली होती आणि प्रत्येक रंगाला नाव दिलं होतं. चेहरा. चेहऱ्याची सावली. ओठ. गालाची लाली. पान. सुकलेलं पान. तिला क्लिनिकमध्ये उशीर झाला की मी नावं वाचून टिचक्या मारायचो आणि चित्र पुरं करून टाकायचो. म्हणजे कित्येक आयकॉनचे रंगही मीच भरलेत. हे परवाच्या भांडणात बोलायचं राहूनच गेलं.

शाळेतही माझ्या खडूंवर तीच नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायची. मी बालवाडीत आहे असंच ती अजून धरून चालते. आज ती पेटी उडवून टाकली. वर डिलीट केलेल्या फाइलींचा डबाही रिकामा केला, म्हणजे परत आणायचा मोह नको.

११ जानेवारी, शनिवार

गेमवाल्यांच्या चित्रांना हात लावण्याआधी सराव म्हणून एकट्याने एक आयकॉन केलं.

सध्या सगळे टपालवालीची चित्रकथा वाचतायत. बेटाबेटांवर होडीतून टपाल पोचवणारी मुलगी. कथा काळ्या-पांढऱ्यात आहे, पण तिचा स्कार्फ लाल हे प्रत्येक वाचणाऱ्याला ठाऊक, कारण धुक्यातून आधी तो लाल ठिपका दिसतो आणि मग होडी. मी तिच्या चेहऱ्याचं चित्र घेतलं. सावल्या अशा बसल्या की मीच दोनदा मोठं करून पाहिलं. वाऱ्याने उडालेल्या बटेची सावली गालावर पडते आणि नाकाशी तुटते, ती तशीच तुटली पाहिजे. तशीच तुटली.

मग रंग. हवा तो रंग स्क्रीनवरच्या रंगांच्या चाकावरून उचलायला ताईला एवढा वेळ का लागायचा, देव जाणे. मी चटाचट उचलले. चेहरा, केस, स्कार्फ, मागे समुद्र. चहा गार व्हायच्या आत काम झालं. संध्याकाळी पानावर टाकलं.

१२ जानेवारी, रविवार

रविवार म्हणून मामा जेवायला आला. आईचा धाकटा भाऊ. चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. त्याला टपालवाली दाखवली. त्याने खिशातून घड्याळाचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि स्क्रीनला नाक टेकवलं.

“झकास,” म्हणाला. “पण आधीच्या चित्रांपेक्षा यात वेगळं काय?”

“आधीची ताईने रंगवलेली. हे मी एकट्याने.”

“मला तर काडीचा फरक दिसत नाही. उगाच भांडलात.”

मामा कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो सांगतोय म्हणजे बघा. तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं आणि म्हणाली, “जेवण गार होतंय.” बस. मुलगा एकट्याने काम उभं करतो तर आईच्या तोंडून दोन शब्द निघू नयेत, याला काय म्हणावं?

१३ जानेवारी, सोमवार

टपालवालीखाली लोकांनी लिहिलेलं जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

“हिला कावीळ झालीय का?”

“कावीळ नाही, शेवाळ चढलंय. होडीचा तळ आहे हा.”

“स्कार्फ कुठे गेला?”

स्कार्फ गळ्यातच आहे. चांगला हातभर लांब आहे. ज्यांना तेवढाही दिसत नाही त्यांनी चित्रांवर बोलू नये. आणि हे सगळे काल-परवापर्यंत आमच्या आयकॉनवर जीव टाकत होते. ताई गेल्याबरोबर एकाएकी सगळ्यांचे डोळे बिघडले? मला एवढंही कळत नाही असं वाटतं का यांना? यामागे कोण आहे ते सांगायला ज्योतिषी नको. तिघांना ब्लॉक केलं.

१६ जानेवारी, गुरुवार

आज दुकानात एका कुटुंबाचा फोटो आला होता, सगळे जरा पिवळे पडलेले. मालक जेवायला निघाले होते. मी म्हटलं, मी दुरुस्त करून ठेवतो. ते चप्पल घालता घालता थांबले.

“तू पडदा काप. रंगाचं मी आल्यावर बघतो.”

“दरवेळी तुम्हीच का?”

“मागे त्या तान्ह्या बाळाला हिरवं केलं होतंस. त्याची आई रडायला लागली होती.”

एकदाच झालं होतं ते, आणि प्रिंटर बिघडला होता. तेव्हाही सांगितलं, आजही सांगितलं. ते बरं बरं म्हणून निघून गेले. इतकी वर्षं इमानेइतबारे काम करूनही माणसाला रंगाच्या डबीला हात लावायची परवानगी नसेल तर त्याने तिथे का राहावं? गेमवाल्यांकडे लागलो की यांच्या पडद्यांना कायमचा रामराम.

२० जानेवारी, सोमवार

मनात शंका ठेवायची नाही म्हणून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. स्क्रीनचे रंग उतरले असतील तर लोकांना तसं दिसत असेल, एवढा उदारपणा मी अजून दाखवतोय. त्याने अर्धा तास तारा काढल्या, घातल्या, रंगीत पट्ट्या लावून पाहिल्या.

“स्क्रीन ठणठणीत आहे,” म्हणाला. मग टपालवालीकडे बोट दाखवून विचारलं, “ही गोष्टीत मेलेली आहे का?”

मी म्हटलं, “नाही, जिवंत आहे.”

त्याने आपली अवजारं गोळा केली. आईने त्याला चहा दिला आणि दारापर्यंत सोडायला गेली. बराच वेळ दोघं बाहेर हळू आवाजात बोलत होते. दुरुस्तीवाल्याशी इतकं काय बोलायचं असतं?

आता स्क्रीन ठीक, मी ठीक. उरलं कोण?

२१ जानेवारी, मंगळवार

ताईला फोन केला. स्पष्टच विचारलं की पानावर माणसं कामाला लावलीस का.

“मी तुझ्या पानाकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही,” ती म्हणाली. मागे क्लिनिकचं ते दातांचं यंत्र किरकिरत होतं. मग तिने विचारलं, “पेटीतलेच रंग वापरतोयस ना?”

“पेटी उडवली.”

“सगळी?”

“सगळी.”

मग ती अगदी हळू म्हणाली, “गेमवाल्यांना पाठवण्याआधी एकदा मला दाखव. नुसतं दाखव. माझं नाव नको घालूस, काही नको.”

पाहिलंत? पुढच्या दाराने जमलं नाही तर मागच्या दाराने. आधी नुसतं दाखवा, मग थोडं बदलते, आणि शेवटी हे तर माझंच. मी सांगितलं, तुझी कृपा नको. ती म्हणाली, “कृपा नाही रे.” आवाज रडवेला होता. नाटकं करायला ती लहानपणापासून पटाईत.

२८ जानेवारी, मंगळवार

पाचही चित्रं पाठवली.

त्यांनी सोबत सूचना दिल्या होत्या. भर दुपार. हिरवं रान. नायिका गोरी, लाल झग्यात. झग्याच्या चुण्यांत मी जीव ओतलाय. दुपारची सावली कशी पायाशी गोळा होते, ती तशी केली. पानांतून गळणारं ऊन तिच्या खांद्यावर ठिपक्याठिपक्यांनी पडतं, तो प्रत्येक ठिपका हाताने काढलाय, प्रोग्रामचा तयार ब्रश वापरलेला नाही. रंग सूचनेबरहुकूम.

पाठवताना आई मागे उभी होती. म्हणाली, “ताईला दाखवलं असतंस तर.” म्हणजे ताईने हिलाही फितवली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गेमवाल्यांच्या चित्रविभागाच्या मुख्य बाईंचा फोन आला. म्हणाल्या, “इतक्या सुंदर सावल्या आम्ही कुणाकडूनच पाहिल्या नाहीत. रंगांबद्दल जरा बोलायचंय. परवा येता?”

इतक्या सुंदर सावल्या. कुणाकडूनच नाहीत. हे मी आईला दोनदा ऐकवलं. कावीळवाल्यांनाही ऐकवावंसं वाटतं, पण ब्लॉक केलेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

त्यांच्या ऑफिसखाली टायरचं दुकान आहे, त्याच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय.

बाई वयस्कर आहेत. चष्मा डोक्यावर चढवलेला आणि तोच टेबलभर शोधत होत्या. सुरुवात चांगली झाली. चुण्यांचं कौतुक केलं, उन्हाच्या ठिपक्यांचं केलं. मग पहिलं चित्र मोठ्या स्क्रीनवर लावलं.

“हे रात्रीचं समजून रंगवलंत का?”

“दुपारचं. तुम्हीच तसं लिहिलं होतं.”

“आणि झगा?”

“लाल.”

“हा?”

“हा.”

“मला तो रानात सापडत नाहीये हो,” बाई म्हणाल्या. हसत नव्हत्या. “पानावरचे तुमचे आधीचे रंग वेगळे आहेत. ते कोणी केलेत?”

“पान माझंच आहे,” मी म्हटलं.

त्यांनी चित्र बाजूला सारलं आणि स्क्रीनवर दोन चौकोन आणले. विचारलं, “या दोघांत तुम्हाला काय फरक दिसतो?” मी नीट पाहिलं. सारखेच होते. डावा कणभर फिकट, बाकी सख्खे जुळे. माणूस हो ला हो करतो की नाही हे बघण्याची ही जुनी युक्ती आहे. मी ठणकावून सांगितलं, “काहीही फरक नाही.” त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनिसांना हाक मारली. ते अर्धवट मान वळवून म्हणाले, “एक हिरवा, एक विटकरी. का?”

सगळे मिळालेले.

मग बाई खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, “घरात आणखी कुणाला असं आहे का? आजोळी? आईच्या भावाला वगैरे?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, “बाई, तुम्ही नोकरी देताय की सोयरीक जुळवताय? माझ्या आजोळशी तुम्हाला काय करायचंय?” आणि उठलो. त्या मागून म्हणत होत्या, अहो बसा, अहो ऐकून तर घ्या. मी जिना उतरलो.

लोकांना मुद्दाम बोलावून घेऊन असा पाणउतारा करायचा, ही कुठली रीत? आज मामा घरी येणार आहे, आईचं घड्याळ द्यायला. त्याच्यासमोरच सांगतो सगळं. एक तरी माणूस माझ्या बाजूने बोलेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल घरी जाऊन सगळं सांगितलं. चौकोन, हिशेबनीस, आजोळ. मला वाटलं आता दोघंही चिडतील. आईने हातातलं ताट खाली ठेवलं. मामाने आईचं घड्याळ तिच्यापुढे ठेवलं.

मग म्हणाला, “तुला चौकोन दाखवले होय. मला वायरी दाखवल्या होत्या.”

मामाला तरुणपणी वायरमन व्हायचं होतं. मला हे माहीतच नव्हतं. परीक्षेत त्याला हिरवी वायर जोडायला सांगितली. त्याने लाल जोडली. ठिणगी उडाली, सगळ्या इमारतीतली वीज गेली आणि अंधारात लोक हसायला लागले. नंतर त्याला घरी येऊन हिरव्या भाजीऐवजी लाल मिरची आणतो का म्हणून विचारायचे. “मग घड्याळं धरली,” मामा म्हणाला. “त्यात रंगाचं काम पडत नाही.”

मी विचारलं, “मग याचा माझ्याशी काय संबंध?”

मामाने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “तुलाही तसंच दिसतं रे. लहानपणापासून. लाल, हिरवा, सगळं एकच.”

कोणकोणाला माहीत होतं ते मी मोजत गेलो. आईला माहीत. मामाला माहीत. वारलेल्या बाबांनाही माहीत होतं म्हणे. ताईला माहीत. मालकांना आईनेच कानात सांगून ठेवलंय, म्हणून तो पडदा काप, पडदा काप. दुरुस्तीवाल्यालासुद्धा त्या दिवशी दारात सांगितलं की बोलू नकोस. म्हणजे स्क्रीनच्या तारा जोडायला आलेल्या माणसाला माझ्या डोळ्यांची खबर, आणि मला नाही. शाळेत डोळे तपासायला डॉक्टर यायचे त्या दिवशी मला ताप असायचा. दरवर्षी. मला वाटायचं मी नाजूक प्रकृतीचा आहे.

“मामाला हसले तसं तुला कुणी हसायला नको होतं,” आई म्हणत होती. रडत होती. मी जेवलो नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुकानातून येताना भाजीच्या गाड्यापाशी उभा राहिलो. ढीग बघत. गाडीवाला म्हणाला, काय हवं? मी म्हटलं, काही नको. सगळं नेहमीसारखंच दिसत होतं. तेच तर चीड आणतं. मला आजवर काहीही कमी दिसलेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

ताईला फोन केला. काय काय सुनवायचं ते ठरवून केला.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“मी दुसरीत होते. तू माझं चित्र काढलंस आणि चेहरा हिरवा केलास. मी हसले. आईने आत नेऊन शपथ घातली की पुन्हा हसायचं नाही आणि तुला कधी सांगायचं नाही.”

“आणि जन्मभर मला खेळवलंत.”

“खेळवलं नाही.”

“मला सांगता आलं असतं. मी काय मेलो असतो?”

“आलं असतं,” ताई म्हणाली. “तू म्हणालास ना, रंग काय, कुणीही भरतं. तेव्हा अगदी तोंडापर्यंत आलं होतं. तुझं नाव काढून माझं घालायला मला एक वाक्य पुरलं असतं. मलाही हवी होती ती नोकरी. मलाही कंटाळा येतो दिवसभर लोकांचे सुजलेले गाल बघायचा.”

तिला ती नोकरी हवी होती हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. ठरवून ठेवलेल्यातलं एकही वाक्य याला लागू पडत नव्हतं. मी फोन ठेवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रागाच्या भरात बाईंना मेल टाकला. असा:

“तुम्ही आमच्या पानावर पाहिलेले रंग माझ्या बहिणीचे होते. सावल्या माझ्या. रंगांबद्दल जी काही चौकशी करायची ती तिच्याकडे करावी. खाली तिचा नंबर दिला आहे. हिशेबनिसांचं बरोबर होतं.”

शेवटचं वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. आईला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. “आता गावभर होईल,” म्हणाली. मी म्हटलं, “गावभर झालेलंच होतं. मी तेवढा बाकी होतो.”

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाईंनी ताईला पाच नवी चित्रं पाठवली. मला काही नाही. मला अपेक्षाही नव्हती. तरी दिवसभर फोन उलटा करून ठेवला आणि दिवसभर सुलटा करून बघितला.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ताई आली. दिवा घेऊन आली, टेबलाच्या तिच्या बाजूला ठेवला, आणि चित्रं उघडून दाखवली. रंगांबद्दल मी काही बोलणार नाही. सावल्या मात्र बघवत नव्हत्या. नायिकेच्या नाकाची सावली एकीकडे, झाडाची भलतीकडे.

“या गेममध्ये सूर्य दोन आहेत का?” मी विचारलं.

“म्हणून तर आलेय. सावल्या तू टाकून दे.”

मी खुर्ची ओढली. तेव्हा ती दाराकडे बघत म्हणाली, “नाव मात्र माझं एकटीचं घालते. तुझंही घातलं तर ते विचारणार, मग रंग याने का नाही भरले. ते कारण सगळ्या ऑफिसात होणार. मला नोकरी लागली की सावल्यांचं काम मी तुला घरी आणून देत जाईन. कुणाला कळायचं नाही.” दारात आई उभी होती. दोघींचं आधीच बोलणं झालं होतं, ते दिसतच होतं.

इतके दिवस साठलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. म्हटलं, “मी तुझं नाव गाळलं तर ती चोरी, आणि तू माझं गाळलंस तर माया?”

“तुझ्या भल्यासाठीच करतेय रे.”

“माझ्या भल्याचं करणं बंद करा. दोघीही.”

“लोक हसतील,” आई म्हणाली.

“लोक हसून झालेत, आई. कावीळ म्हणाले, शेवाळ म्हणाले, मेलीय का म्हणून विचारलं. ते का हसतायत हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आता निदान मला माहीत असताना हसू देत.”

आई आत गेली नाही. तिथेच चौकटीला टेकून उभी राहिली. मी सूर्य एक केला आणि सगळ्या सावल्या पुसून नव्याने टाकायला घेतल्या. ताई शेजारी बसून, मी एक चित्र सोडलं की त्यात रंग भरत होती. मी अजून रागावलेलोच आहे, हेही लिहून ठेवतो. मामावर नाही, पण बाकीच्यांवर आहे.

काम संपल्यावर ताईने मेल उघडला आणि बोटं कीबोर्डवर ठेवून बसून राहिली. म्हणाली, “मला नाही लिहिता येणार. तू सांग.”

मी सांगितलं, “लिही. सावल्या भावाच्या. त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, म्हणून रंग बहिणीचे. काम दोघांचं आहे, घ्यायचं तर दोघांना घ्या.”

तिने लिहिलं. लिहिताना दोनदा नाक पुसलं. खाली मी माझं नाव सांगायला लागलो तर तिने हात वर केला.

“पहिलं नाव माझं.”

“वयाने मोठी म्हणून?”

“नाही,” ताई म्हणाली. “आजवर एकदाही आलेलं नाही म्हणून.”

मी म्हटलं, “घाल.” तिने स्वतःचं नाव टाइप केलं, एकेक अक्षर, सावकाश, आणि मी माझ्या नावासाठी थांबून राहिलो.